मामा, आपल्या रुसव्याबद्दल आभार

तुंगार्ली, लोणावळा
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप दीनानाथमामा यांच्या चरणी भाचा शार्दूल याचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार कागदावरून करण्याचे कारण असे की, मागे शिरगावच्या मंदिरात मी प्रत्यक्ष वाकलो तेव्हा आपण दोन्ही पाय मागे घेतलेत आणि माझे कपाळ फरशीला लागले. पत्रात ती भीती नाही.)

आपला गुडघा आता काय म्हणतो? रेणुकामामींनी आणलेले तेल लागू पडले का? पॉलिहाऊसचा कागद वाऱ्याने फाटल्याचे जीपवाल्या नथूकडून समजले होते. तो एव्हाना बदलून झाला असेल आणि गुलाबांना कळ्या धरल्या असतील, असे गृहीत धरतो. आपली सर्व खुशाली मला नथूमार्फतच मिळते, कारण आपण माझा नंबर ब्लॉक केला आहे आणि मामींच्या फोनवर कोणत्याही वेळी विचारले तरी आपण अंघोळीला गेलेले असता. पवनानगरला पाण्याची टंचाई नाही हे मी जाणतो. तरीही दीड वर्ष चाललेली अंघोळ हा माझ्यासारख्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला कुतूहलाचा विषय वाटल्यास आपण राग मानू नये.

आता मुख्य वार्ता. मला इंग्लंडचा व्हिसा मिळाला. ऋचाचा पती म्हणून मी आता तिच्याकडे जाऊन राहू शकतो, आणि हे केवळ आपल्यामुळे घडले. हे वाक्य वाचून आपण पत्र खाली ठेवाल आणि ‘टोमणे मारतोय’ असे मामींना सांगाल, म्हणून आधीच स्पष्ट करतो की यात उपरोध नाही. वर्गात मी मुलांना निष्कर्ष आधी सांगतो आणि सिद्धता नंतर देतो. तीच पद्धत येथे पाळली आहे. सिद्धता क्रमाने पुढे येत आहे.

मी पीएच.डी.साठी लीड्सला गेलो, तेथल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट असलेली आणि तेथलेच नागरिकत्व घेतलेली तळेगावची ऋचा मला भेटली, आणि प्रबंध संपत आला तेव्हा माझ्या व्हिसाची मुदतही संपत आली, इथवरचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. पुढचा भाग आईने नातेवाइकांना सांगितलेला नाही. मुदतवाढीचा अर्ज मी वेळेत केला आणि तो पोहोचल्याची पोच मला मिळाली. येथे आपली शिकवण कामी आली. (आली, असे मला तेव्हा वाटले.) मी लहान असताना आपण मला वडगावच्या कचेरीत जमिनीच्या मोजणीचा अर्ज द्यायला सोबत नेले होते. बाहेर आल्यावर शिक्का मारलेली पोच वरच्या खिशात ठेवून आपण भेळ सांगितलीत आणि म्हणालात, “पोच हातात आली की निवांत ऱ्हायाचं. आता काळजी त्येंनी करायची.” ती मोजणी व्हायला मला शाळेतून कॉलेजात जावे लागले, पण तोवर आपल्याला त्या जमिनीवरून कोणी उठवले नाही, याची मी मनात नोंद घेतली होती. तेव्हा लीड्समध्ये मीही पोच छापून घेतली, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली आणि निवांत राहिलो.

तिकडे अर्जात त्रुटी निघून तो केव्हाच परत आला होता. तसे त्यांनी मला विद्यापीठाच्या ईमेलवर कळवले होते. आणि अभ्यासक्रम संपल्यामुळे ते ईमेल नियमानुसार बंद झाले होते. म्हणजे दोन्ही कार्यालये आपापल्या जागी अगदी बरोबर होती आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत मी निवांत होतो. ऋचाने एकदा विचारले, उत्तर आले का? मी तिला पोच दाखवली आणि आपल्याकडील कचेऱ्यांमध्ये आवक क्रमांकाला किती महत्त्व असते हे तिचा चहा गार होईपर्यंत समजावून सांगितले. (त्यानंतरही ती माझ्याशी लग्न करायला तयार होती, हा खरे तर सर्वांत भक्कम पुरावा, परंतु तो सादर करण्याजोगा नव्हता.) अखेरीस तिनेच चौकशी केली, तेव्हा मी कित्येक महिने त्या देशात विनापरवाना राहत असल्याचे निष्पन्न झाले. मी आपणहून तिकीट काढले आणि परत आलो. त्यानंतर लोणावळ्याच्या मंगल कार्यालयात आमचे लग्न झाले. (फेट्याच्या प्रसंगाला मी बगल देत नाही, मामा. तो त्याच्या जागी येईल.)

लग्नानंतर ऋचा कामावर परत गेली आणि मी जोडीदाराच्या व्हिसासाठी अर्ज केला. आता अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून विचार करावा. एक मनुष्य मुदत संपल्यावरही देशात राहतो, उघडकीस आल्यावर घरी जातो, आणि त्याच देशाचे नागरिकत्व असलेल्या मुलीशी लग्न करून पुन्हा दारात उभा राहतो. त्या खुर्चीत मी असतो तर मीदेखील चष्मा पुसून घेतला असता. पूर्वी जास्त दिवस राहिल्याने दार कायमचे बंद होतेच असे नाही, परंतु लग्न खरे आहे की व्हिसापुरते, हे मग फार बारकाईने पाहिले जाते. ते खरे आहे हे सिद्ध करायचे होते, आणि सिद्ध करणे हा तर माझा व्यवसाय. मी ऋचाच्या व माझ्या फोनवरील संभाषणांचा आलेख काढला: आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर मिनिटे. मध्ये एके ठिकाणी आलेख एकदम खाली येतो, त्याचे कारण (पडद्यांच्या रंगावरून झालेला वाद) तळटीपेत दिले. सोबत लग्नाआधी पवनेच्या काठी काढून घेतलेले फोटो जोडले. आपण ते पाहिले नाहीत, हे एका परीने बरे झाले. त्यांत ऋचा पांढरा झगा घालून उघड्या जीपवर उभी आहे, मागे गुलाबी धूर आहे आणि मी गिटार वाजवत आहे. अर्ज नामंजूर झाला. फोटो मुद्दाम घडवून आणलेले दिसतात, असे एक कारण दिले होते. ते अक्षरशः खरे होते. गिटार फोटोग्राफरची होती.

त्या संध्याकाळी ऋचाचा फोन आला.  ती म्हणाली की आणखी एकदा नकार आला तर ती नोकरी सोडून परत येईल. किती कष्टांनी तिने तेथे पाय रोवले हे मी जवळून पाहिले आहे, मामा. माझ्या निवांतपणाची शिक्षा तिला होणार होती, आणि मला त्याचे स्पष्टीकरण देता येत नव्हते. (असे माझ्या आयुष्यात क्वचितच घडले आहे.)

तेव्हा कोणीतरी पुण्याच्या वकील चैतालीताईंचे नाव सुचवले. त्या अशीच प्रकरणे पाहतात. त्या स्वतः लोणावळ्याला आल्या, माझा आलेख त्यांनी पाहिला, त्याची घडी घातली आणि त्यावर चिक्कीची बशी ठेवली. मग लग्नाचा संपूर्ण अल्बम मागितला, निवडक नव्हे, सगळा. बराच वेळ त्या पाने उलटत होत्या. मधेच थांबल्या, पुन्हा मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या, आणि त्यांनी विचारले की सर्वांच्या डोक्याला फेटे असताना प्रत्येक फोटोत हे बोडक्या डोक्याचे, हाताची घडी घालून भिंतीकडे पाहणारे गृहस्थ कोण आहेत. आई स्वयंपाकघरात होती. तिने तेथूनच, फोटो न पाहता सांगितले, “तो माझा भाऊ. रुसलाय.”

चैतालीताईंनी चष्मा काढला. “सर,” त्या म्हणाल्या, “खोट्या लग्नात कोणी रुसत नाही.”

मामा, मी इतकी वर्षे सिद्धता शिकवतो आहे, पण इतकी छोटी सिद्धता मी पाहिलेली नाही. व्हिसासाठी लग्न लावणारा मनुष्य हार आणील, भटजी आणील, धूर आणि गिटारही आणील. पण मान मिळाला नाही म्हणून दीड वर्ष अबोला धरणारा सख्खा मामा तो कोठून आणणार? त्यांनी मला फेट्याची हकीकत लिहून काढायला सांगितली आणि मी ती निःपक्षपणे लिहिली: की ऋचाच्या रुग्णालयातील मंडळी अपेक्षेपेक्षा जास्त आली, ती हौसेने आधीच रांगेत बसली, फेटेवाल्याने त्यांच्यापासून सुरुवात केली, नवरदेवाच्या मामाचा मान पहिला असतो, हे त्याला सांगण्याचे काम माझे होते आणि मी तेव्हा एका पाहुण्याला फेट्याच्या कापडाची लांबी समजावत होतो, कापड संपले, फेटेवाल्याने गाडीतून इलॅस्टिक लावलेला तयार फेटा आणला, आणि आपण तो बोटाने ताणून पाहिलात व म्हणालात, “टोपी घालताय व्हय मला?” त्यानंतर आपण जेवला नाहीत. परंतु मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा माझ्या पाठीशी, मामाच्या जागी, आपण उभे होतात. आपण रुसलात, पण जागा सोडली नाहीत. म्हणूनच आपण प्रत्येक फोटोत आहात.

नव्या अर्जाला चैतालीताईंनी ते सगळे फोटो लावले. प्रत्येकाखाली इंग्रजीत ओळ होती: ‘अर्जदाराचे मामा (नाराज)’. सप्तपदी: अर्जदाराचे मामा (नाराज). केक कापताना: अर्जदाराचे मामा (अधिक नाराज). आपण परत पाठवलेल्या आहेराचा, म्हणजे काचेच्या भांड्यांच्या खोक्याचा, नथूच्या जीपमध्ये काढलेला फोटो जोडला. कुटुंबाच्या ग्रुपवरचे आपले संदेश अधिकृत अनुवादकाकडून भाषांतरित करून घेतले. (त्या बाईंना ‘गोऱ्या पाव्हण्यांस्नी फेटं आन मामाला बोंबील’ या वाक्यापाशी अडचण आली. पंगतीत बोंबील होते का, असे त्यांनी दूरध्वनी करून विचारले. नव्हते, असे मी लेखी कळवले.) आपण ग्रुप सोडल्याच्या, परत आल्याच्या आणि पुन्हा सोडल्याच्या नोंदीही त्यात आहेत. आपल्या परवानगीविना आपला राग परदेशी सरकारपुढे मांडला, याबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो.

मात्र सर्वांत वजनदार ठरले ते मला ठाऊकच नसलेले. चैतालीताईंनी ऋचाच्या फोनची नोंद मागवली, तेव्हा दर रविवारी पवनानगरला, मामींच्या नंबरवर, केलेला फोन दिसला. तिने मला हे कधी सांगितले नव्हते. ती प्रत्येक वेळी आपल्याला विचारत असे, मामी अंघोळीचे सांगत असत, मग त्या दोघी आपल्या गुडघ्याविषयी बोलत असत. ते तेल तिनेच सुचवले होते, मामा. आपण ते लावत आहात असे नथू सांगतो. व्हिसापुरती सून नवऱ्याच्या रुसलेल्या मामाच्या गुडघ्यासाठी इतक्या लांबून दर आठवड्याला फोन करत नाही, एवढे त्या अधिकाऱ्यालाही समजले असावे. मंजुरीच्या पत्रात कारण लिहीत नाहीत. परंतु चैतालीताई म्हणाल्या, “श्रेय मामांना द्या.” ते या पत्राने देत आहे. आपण त्या दिवशी हसतमुखाने फेटा बांधून घेतला असता, तर मी आज येथे बसून तळटीपा लिहीत असतो.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपावे.

आपला कृतज्ञ भाचा,
शार्दूल

ता. क. – ऋचा मला न्यायला आली आहे. येत्या रविवारी दुपारी घरी जेवण आहे. तोच फेटेवाला येणार आहे, आणि त्याला एकाच डोक्याचे काम सांगितले आहे. बाकी आम्ही सगळे, माझ्यासह, बोडक्याने बसू. कापड आईने स्वतः निवडले आहे. आपण यावे, ही विनंती. हे पत्र खरे तर त्यासाठीच आहे.

ता. क. २ – हा व्हिसा ठरावीक मुदतीचा असून पुढे तो वाढवून घ्यावा लागतो. त्या वेळी लग्न टिकून आहे याचा ताजा पुरावा लागेल. तेव्हा आपण रविवारी अवश्य यावे, फेटा बांधून घ्यावा, पोटभर जेवावे, आणि शक्य झाल्यास जाताना एखाद्या लहानशा गोष्टीवरून रुसावे. सोय म्हणून आमटीत मीठ कमी ठेवण्यास आईला सांगितले आहे. (पोच मिळाली तरी या खेपेस मी निवांत राहणार नाही.)

ता. क. ३ – अल्बमात नसलेला, एका पाहुण्याने काढलेला एक फोटो मी अर्जाला जोडला नाही. शेवटचे मंगलाष्टक संपले त्या क्षणाचा तो आहे. सर्वांचे लक्ष आमच्याकडे आहे, आणि मागे आपण ओंजळभर अक्षता दोन्ही हातांनी आमच्यावर उधळत आहात, तोंड भरून हसत आहात. तो दिला असता तर पुराव्याला बाधा आली असती. तो माझ्या पासपोर्टात ठेवला आहे.

(यापुढील मजकूर आईच्या हातचा असून मी त्यात दुरुस्ती केलेली नाही.)

दिना, ह्याचं लेक्चर वाचून झालं आसंल तर आता माझं ऐक. मीठ मी बरोबरच घालनार हाय. पोरगं चाललंय. मग रुसायचं तरी कुनावर? रविवारी ये. – आक्का