हॅगिसला घातलेली प्रदक्षिणा

फोरबर्ग,
फेब्रुवारी २०२१

तीर्थस्वरूप दामोदरअण्णांच्या चरणी धाकटा चुलतभाऊ हरिहर याचा दंडवत. (इथले डच सरकार माणसामाणसांत दीड मीटर अंतर ठेवायला सांगते, मी मध्ये समुद्र ठेवला आहे, तेव्हा निर्धास्तपणे स्वीकारावा.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनी वाफ घ्यायला लावतात का, की टॉवेलाआड तुमची तंबाखूच चालू असते? मी आणि वृंदा बरे आहोत. फोन न करता पत्र लिहितो, कारण वहिनी फोन स्पीकरवर लावतात आणि हा विषय स्पीकरवर घेण्यासारखा नाही.

विषय आहे तुम्ही माझ्या गळ्यात घातलेल्या तुळशीच्या माळेचा. माळ जागेवर आहे. ती अजून लागू आहे का, हे तुम्हाला ठरवायचे आहे.

आमच्या शेजारी डंकनराव नावाचे स्कॉटिश गृहस्थ राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, पत्नी वारलेली, मुलगी तिकडे स्कॉटलंडमध्ये. जानेवारीच्या अखेरीस त्यांच्या लोकांत एका जुन्या कवीच्या जयंतीचे जेवण असते आणि त्याला हॅगिस लागतेच. मेंढीचे यकृत, हृदय आणि फुप्फुस बारीक करायचे, त्यात ओटचा भरडा, कांदा आणि मिरपूड घालायची, हे सगळे मेंढीच्याच पोटात भरायचे आणि उकडायचे. (आपल्या जत्रेतली वजडी परदेशी शिकायला गेली असती, तर अशीच होऊन परतली असती.) एरवी त्यांचे घर माणसांनी भरायचे. यंदा नियमाप्रमाणे दिवसाला एकच पाहुणा. त्यातून नव्या वर्षापासून ब्रिटनमधून मांस आणायला बंदी, म्हणून मुलगीही काही पाठवू शकेना. डंकनराव कुंपणापलीकडून म्हणाले, "हरी, एकच पाहुणा चालतो. तो तू हो. नाहीतर मी ब्रेड खाऊन झोपतो." मी माळ दाखवली. ते म्हणाले, "तुझी मसुराची करतो. मग तर झालं?"

आता याला नाही कसे म्हणायचे? वृंदा म्हणाली, "जा. पण जीभ सांभाळून जा." मला वाटले, बोलण्याबद्दल म्हणते आहे.

खाटकाकडे मेंढीचे पोट मिळाले नव्हते, म्हणून डंकनरावांनी दोन्ही हॅगिस फडक्यात बांधून उकडल्या होत्या. एकाच ताटात दोन सारख्या पुरचुंड्या, डावीकडे मसूर आणि उजवीकडे मेंढी. त्यांच्या रीतीप्रमाणे हा पदार्थ वाजतगाजत आणतात. बॅगपाइप वाजवणारा बोलवावा तर तो दुसरा पाहुणा ठरणार, म्हणून मी घरचे टाळ नेले होते. पुढे मी टाळ वाजवत, मागे डंकनराव ताट घेऊन (अंगात चौकड्यांचा घागरा, त्याला घागरा म्हटलेले मात्र त्यांना चालत नाही), अशी स्वयंपाकघरातून आमची मिरवणूक निघाली.

टेबलावर मेणबत्ती तेवत होती, फुले होती, त्यांच्या पत्नीची तसबीर होती. घात झाला तो इथेच. हातात टाळ, समोर दिवा आणि फुले. माझे पाय आपोआप वळले आणि मी टेबलाला प्रदक्षिणा घालू लागलो. डंकनरावांना वाटले, ही भारतीय रीत असावी. तेही ताट घेऊन मागोमाग फिरू लागले. "आणखी किती?" त्यांनी धापा टाकत विचारले. "देव कोणता, त्यावर आहे," मी म्हणालो. शेवटी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला त्यांचा दम संपला आणि हातातल्या हातात फिरत गेलेले ताट त्यांनी कसेबसे टेकवले. मग त्यांनी उभे राहून हॅगिसला उद्देशून लांबलचक कविता म्हटली. (मी हात जोडले होते.) मध्ये दोनदा त्यांनी तसबिरीकडे पाहिले. शेवटी हातातली सुरी जवळच्या पुरचुंडीत खुपसली, आणि मग आम्ही एकमेकांकडे पाहिले. डावी आता कुठली?

वासावरून सांगा म्हटले, तर डंकनराव म्हणाले, "मला विचारू नकोस. कोरोना झाल्यापासून मला कॉफी आणि साबण सारखेच. तुला तरी कळतंय का?" मी म्हटले, नाही कळत. मग त्यांनी अंदाजाने वाढले, मी पांडुरंगाचे नाव घेतले आणि पानात पडले ते खाल्ले. ते पत्नीबद्दल बोलत होते. जेवताना समोर कोणी बसल्याला वर्ष होत आले, म्हणाले. अण्णा, खाल्ले ते काय होते, हे मला खरोखर सांगता येत नाही.

तेव्हा माळ राहिली की गेली, हे कळवावे. गेली असल्यास ती पुन्हा तुमच्याच हातून घालावी लागेल, आणि प्रवास तर बंद आहे. तुम्ही तिकडून व्हिडिओवर नाम म्हणायचे आणि इकडे वृंदाने माळ घालायची, असे चालते का? वहिनींना नमस्कार.

तुमचा,
हरिहर

ता. क. वृंदाने पत्र वाचले. म्हणते, "जत्रेत वजडीच्या पातेल्यापासून ज्याला ओढून आणावं लागायचं, त्याला मसूर आणि मेंढी कळली नाही? अण्णा काय दुधखुळे आहेत?" तेव्हा खरे सांगतो. पहिल्या घासालाच कळले होते. पण डंकनराव पत्नीबद्दल बोलत होते. घास बाजूला काढला असता, तर त्यांचे बोलणे थांबले असते.

पुन्हा ता. क. दुसऱ्यांदा वाढून घेतले, तेव्हा ते बोलत नव्हते.

शेवटचा ता. क. मेंढीची उरलेली अर्धी त्यांनी फ्रीझरमध्ये ठेवली आहे आणि एकट्याने खाणार नाही म्हणतात. महिनाअखेरीस मला पुन्हा बोलावले आहे. माळेचा मुहूर्त त्यानंतरचा पाहावा.