आजीनं बोलायचं नाही

ॲन आर्बर, ३ मार्च १९८६

ती. सौ. पद्मिनीताईस, विनीताचा सा. न.

आईचं तिकीट पुढे ढकलायला फोन उचलला होता, तो ठेवून लिहायला बसले. तुला फोन केला असता तर आई शेजारीच असती.

अतुल नर्सरीत सप्टेंबरपासून एक शब्द बोललेला नाही. बाईंचं म्हणणं, दोन भाषांमुळे तो गोंधळतो. घरी फक्त इंग्लिश बोला, नाहीतर त्याला किंडरगार्टनला पाठवता येणार नाही. शैलेंद्रला पटलं. गेला आठवडाभर आम्ही इंग्लिशच बोलतो. जेवताना फार शांत असतं.

आईला इंग्लिश येत नाही. उन्हाळ्यापर्यंत तिला तुझ्याकडेच ठेवशील का? कारण काय सांगायचं ते तू ठरव.

लोभ आहे, तो राहू दे.
विनीता

प्लेनो, ९ मार्च

चि. सौ. विनीतास अनेक आशीर्वाद.

ठरवायला वेळच मिळाला नाही. पत्र आईनंच फोडलं. म्हणाली, बोलणार नाही, पण जाणार. तिकीट आहे तेच असू दे. आई गप्प बसणार हे ऐकून ह्यांनी पैज लावली आहे, की विमानतळाबाहेर पडेपर्यंतसुद्धा तिला जमणार नाही.

शैलेंद्ररावांना सांग, लग्नातला उखाणा आता इंग्लिशमध्ये घेऊन दाखवा.

सांभाळून राहा.
तुझी ताई

ॲन आर्बर, २६ मार्च

ती. सौ. ताईस सा. न.

आई पोचली. विमानतळावर फक्त हॅलो म्हणाली. भाऊजी पैज हरले.

नर्सरीत दर मंगळवारी एन्दांग येते. ती जावा बेटावरची, नवरा युनिव्हर्सिटीत संशोधन करतो. ती मुलांना तिकडचे खेळ शिकवते. एका खेळात एक मूल ओणवं होतं, बाकीचे त्याच्या पाठीवर तळहात उघडे ठेवतात. गाणं म्हणत एक खडा हातोहात फिरवतात. गाणं संपलं की सगळ्यांनी मुठी मिटायच्या आणि खडा आपल्याकडेच असल्यासारखं वागायचं. कुणाकडे आहे ते ओणव्यानं ओळखायचं.

काल अतुलनं ते गाणं अख्खं म्हटलं. जावाच्या भाषेत. बाईंनी मला सांगितलं, लक्ष चांगलं आहे, पण हे इंग्लिश नाही. एन्दांग म्हणाली, आमच्याकडे मुलं घरी एक भाषा बोलतात आणि शाळेत दुसरी. बाई हसल्या.

आज संध्याकाळी त्यानं आम्हा तिघांना खेळायला बसवलं. ओणवी व्हायची पाळी आईची. खडा कुणाकडे ते तिनं बोटानं दाखवलं. तो तिच्याकडे बघत राहिला. मग मला मराठीत विचारलं, "ममी, आजीला बोलता येत नाही का?"

शैलेंद्रनं मूठ उघडून खडा खाली ठेवला. आई उठून आत गेली.

तुम्हा सर्वांची आठवण येते.
विनीता

ता. क. २७ मार्च. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी आई आमच्याबरोबर नर्सरीत आली. दारात अतुलचा कोट काढताना ती त्याच्याशी मराठीत बोलत होती, नेहमीच्या मोठ्या आवाजात. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, आमच्या घरी मराठी बोलतात. त्यांनी तसं लिहून घेतलं.