एक तरी मासा

१ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. यशस्वी माणसाला सुरुवातीचे दिवस नीट आठवत नाहीत असं दिसतं, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

सद्यस्थिती. कंपनीतून सहा महिन्यांची बिनपगारी रजा, त्यातले पाच संपले. २ मार्चला एकतर फर्स्ट शिफ्टला हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. राजीनामा टाइप करून तयार आहे. भाषा जरा जहाल झालीय, सौम्य करणे.

फॅमिली लेक रिसॉर्ट पूर्ण तयार. चार खोल्या, झोपाळा, बारा रॉड आणि आमचं शेततळं. त्याला यापुढे लेक म्हणायचं असं घरात सांगितलं. बायको, अनिता, तळंच म्हणते. पाण्यात रोहू आणि कटला मिळून दोन हजार, म्हणजे दोन वर्षांपूर्वी सोडले तेव्हा तेवढे होते. पाहुण्यांनी मासा धरायचा, फोटो काढायचा, परत सोडायचा. मारायचा नाही, कारण तात्या माळकरी आणि आमच्या घरात तीन पिढ्या कुणी मासळी शिवलेली नाही. त्याच कारणाने गांडूळही चालत नाही, आमिष फक्त कणकेच्या गोळीचं. तात्यांना सगळं समजावलं तेव्हा म्हणाले, सोडायचाच हाय तर धरायचा कशापायी? वडिलांच्या पिढीला टुरिझम कळत नाही.

एक छोटी अडचण. पाच महिन्यांत एकाही पाहुण्याला मासा मिळालेला नाही. अनिताने आज अट घातली. पाहुण्याच्या गळाला एक तरी मासा लागू दे, तुझा राजीनामा मी स्वतः कंपनीत नेऊन देते. नाही लागला तर गुपचूप कामावर जायचं.
सोपी अट आहे. मान्य केली.

४ फेब्रुवारी
चिखलीहून एक कुटुंब आलं. तीन तास रॉड धरून बसले. मासा नाही. नंतर पिठलं-भाकरी दोनदा मागून घेतली. ऑनलाइन चार स्टार दिले आणि लिहिलं, 'जेवण एक नंबर. तळ्यात मासे असल्याचं मालकांकडून समजलं.' चारपैकी एक स्टार तरी लेकचा धरायला हरकत नाही.

६ फेब्रुवारी
एकोणीस वर्षं क्वालिटीत काढली ती काय उगाच? व्हाइटबोर्डवर फिशबोन डायग्राम काढला. कंपनीत बिघाडाचं मूळ शोधायला काढतो तोच. मॅन, मशीन, मटेरिअल, मेथड. दोन तास विचार केल्यावर निष्कर्ष निघाला की दोष पाहुण्यांचा, त्यांना धीर नाही. अनिता भांडी घेऊन जाताना बोर्डाकडे बघून म्हणाली, पाच महिन्यांत माशाचा काटा पहिल्यांदा दिसला.
बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला.

८ फेब्रुवारी, रविवार
स्वतः चाचणी घेतली. नऊ ते एक. मासा नाही. मान भाजली.

चांगली बातमीही लिहिली पाहिजे. तात्यांचे गुडघे सुधारलेत. रोज पहाटे हातात तांब्या घेऊन लेककडे फिरायला जातात आणि उजाडल्यावर प्रसन्न चेहऱ्याने परत येतात. पूर्वी अंगणात यायचं म्हटलं तरी कुरकुरायचे. पाण्याच्या सान्निध्याचा परिणाम. माहितीपत्रकात 'वेलनेस' घालणे.

११ फेब्रुवारी
कंपनीच्या एचआरमधल्या कुलदीप साहेबांचा फोन. २२ तारखेला फॅमिली डे आमच्याकडे करायचा म्हणतात. चाळीस कुटुंबं. फिशिंग जमलं तर दर महिन्याला एक बॅच पक्की. त्यांनी विचारलं, तासाला साधारण किती मासे लागतात? मी म्हणालो, साहेब, सीझनवर असतं.

खरं लिहायचं तर आता भीती वाटते. ही शेवटची संधी आहे.

१३ फेब्रुवारी, एकादशी
अनिता म्हणते डब्यातली कणीक भराभर संपतेय, तुझ्या आमिषापायी. मी मूठभर घेतो. आज एकादशी, घरात पोळी नाही, पाहुणे नाहीत, मी गोळी वळलेली नाही. तरी सकाळी परात ओली आणि काठाला कणीक चिकटलेली.

कंपनीच्या पद्धतीने पाच वेळा 'का' विचारायला बसलो. तिसऱ्या 'का'ला झोप लागली.

१४ फेब्रुवारी, सकाळी ७
कणीकचोर सापडला.

पावणेसहाला तात्यांच्या मागे गेलो. तळ्याच्या पायरीवर बसले, तांब्या दगडावर तीनदा वाजवला आणि पाणी उकळायला लागल्यासारखं हललं. सगळे आले. दोन वर्षांत मी इतके मासे एकत्र पाहिले नव्हते. तात्या एकेक गोळी टाकत होते आणि मागं राहणाऱ्याला नाव घेऊन पुढं बोलवत होते. कपाळावर पांढरा डाग असलेला एक थोराड कटला आहे, त्याला पाटील म्हणतात.

मी विचारलं, हे कधीपासून? तर म्हणाले, पयल्या दिसापासून. आपून आणून ठेवलीत आपल्या दारात, मग खायला कोन घालनार? देहूला नदीच्या माशांना समदं गाव घालतं, आन आपली उपाशी ठिवायची व्हय?

म्हणजे साडेसहाला त्यांची पोटं टम्म. माझे पाहुणे येतात नऊला. पाच महिने मी जेवून उठलेल्यांना तीच कणीक वाढत होतो.

दुपारी
तात्यांना शांतपणे सांगितलं, २२ तारखेपर्यंत खायला घालू नका. म्हणाले, मी एकादस करतो ती माझ्या मर्जीनं. त्यांना कुनी इचारलं?

१६ फेब्रुवारी
तोडगा काढला. आत्याला तात्यांची फार आठवण येते असं सांगून त्यांना आठवडाभर देहूला सोडून आलो. आत्याला आठवण येते हे तिला फोनवर आधी कळवलं होतं.

निघताना तात्यांनी तांब्या पायरीवर ठेवला. राहू दे म्हणाले, वळखीचा हाय त्यांच्या. गाडीवर मागे बसून एवढंच म्हणाले, रोज सकाळी जरा बघत जा. मी हो म्हणालो.
बघत जा म्हणजे बघणे. खायला घाल असं ते स्पष्ट म्हणालेले नाहीत.

१८ फेब्रुवारी
पहाटे जाऊन बघितलं. दिलेला शब्द पाळतो. सगळे पायरीशी उभे होते. मी पलीकडच्या काठावर रॉड लावला, तिकडे एकही फिरकला नाही. भूक अजून पिकलेली नाही असा अंदाज.

२० फेब्रुवारी
आता दिवसभर पायरीशीच असतात. माझी सावली पडली की तोंडं वर काढतात. पाटील सगळ्यात पुढे. तिकडून जाणं टाळतो.

तात्यांचा फोन. आल्ती का? हो म्हणालो. खाल्लं का? इथे रेंज जरा कमी असते.

मला त्या कंपनीत परत जायचं नाही. ओंकारला मायक्रोमीटर धरायला मी शिकवलं. तो आता सुपरवायझर झालाय आणि परवा फोनवर मलाच म्हणाला, भावा ये परत, तुझं टेबल ठेवलंय. टेबल ठेवलंय. एकोणीस वर्षं त्याच टेबलावर दुसऱ्यांचे पार्ट मोजले. ही पंचेचाळिशी मला माझ्या मालकीची हवी होती. कुणाला सांगणार? वहीला सांगतोय.

२१ फेब्रुवारी
अंतिम योजना. उद्या तात्यांचा तांब्या वाजवायचा, सगळे रॉड पायरीवर लावायचे. अपयशाची शक्यता शून्य. राजीनाम्याची भाषा सौम्य केली. 'आपल्या जाचातून' ऐवजी 'आपल्या सहवासातून'.

२२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
झालेला प्रकार वस्तुनिष्ठपणे लिहितो.

चाळीस कुटुंबं आली. नऊ ते अकरा काठाकाठाने रॉड, मासा नाही. हे अपेक्षितच होतं. कुलदीप साहेब घड्याळ बघायला लागले. स्वयंपाकघराच्या दारातून अनिता माझ्याकडे बघत होती. सव्वाअकराला मी सगळ्यांना पायरीवर बोलावलं आणि तांब्या तीनदा वाजवला.

आले. सगळे आले. सहा दिवसांचे उपाशी, एकमेकांच्या अंगावर चढत, तोंडं उघडी. लोक ओरडायला लागले. कुलदीप साहेबांची मुलगी रॉड घेऊन पुढे आली आणि म्हणाली, काका, गोळी लावून द्या. पाटील माझ्या पायापासून हातभर अंतरावर होता. नुसता गळ सोडला असता तरी त्याने तोंडात घेतला असता. त्याला वाटत होतं तात्या आलेत.

त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की गळ गंजले आहेत. गंजलेला गळ लहान मुलांच्या हातात देणं योग्य नाही. सेफ्टी फर्स्ट. मी बाराही रॉड गोळा करून खोलीत टाकले आणि कुलूप लावलं. कणीक मळलेली होती, ती आंबली असती म्हणून पाण्यात टाकायला सांगितलं. मुलांनी टाकली. मग मोठ्यांनी टाकली. अनिताने आतून आणखी दोन पराती मळून दिल्या, तिला कुणी सांगितलं माहीत नाही.

कुलदीप साहेब जाताना म्हणाले, छान वाटलं, पण स्टाफला फिशिंगचं सांगितलं होतं. बघू. एकोणीस वर्षांत एचआरचं 'बघू' मला चांगलं कळतं.

२३ फेब्रुवारी
अनिताने खोली झाडली. रॉडचे गळ बघितले. जानेवारीत घेतलेले, स्टेनलेस स्टीलचे, चकचकीत. न मागता दुसरा चहा आणून ठेवला.
दमट हवेत स्टीलसुद्धा आतून गंजतं, हे तिला माहीत नसावं.

२५ फेब्रुवारी
कुलदीप साहेबांचा मेसेज. पुढचा फॅमिली डे दुसरीकडे, जिथे मासे लागतात. खाली हात जोडलेले.

तात्यांना घेऊन आलो. गाडीवरून उतरून घरात न जाता तडक पायरीवर गेले. मी मागे उभा. म्हणाले, बारीक झाल्यात रं. मी सांगितलं, रविवारी पोरांनी पोटभर घातलं. तात्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, एक बी धरला न्हाई? मी म्हणालो, गळ गंजले होते. व्हय व्हय, म्हणाले, गंजत्यात.

२८ फेब्रुवारी
राजीनामा डिलीट केला. अनिता म्हणते, जेवण आणि खोल्या ती बघेल, बाहेरच्या बोर्डावरून 'मासे पकडा' तेवढं पुसून टाक. पुसलं. खाली अजून पुसट दिसतं.

२ मार्च, सोमवार, सकाळी ६:०५, कंपनीची बस
पाचला उठलो तर तात्या कणीक मळत बसलेले. म्हणाले, चल की, आज तू वाजीव तांब्या, वळखत्यात आता तुला. मी म्हणालो, तात्या, फर्स्ट शिफ्ट आहे. मग उंद्या? उद्याही फर्स्ट शिफ्ट. आठवडाभर. बरं, म्हणाले आणि गोळ्या वळायला लागले.

स्टॉपवर उभा होतो तेव्हा मागून तांब्या वाजलेला ऐकू आला. तीनदा. मी वळून बघितलं, पण तिथून तळं दिसत नाही. बस वेळेवर आली.