शके अठराशे पाचचा पुतळा

मुक्काम कल्याण,
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८०४

राजश्री परशुरामदादा यांच्या सेवेसी श्रीपादचा साष्टांग नमस्कार. इकडे तुमच्या भगिनी कलावती व मी ठीक आहोत, निदान हे लिहीपर्यंत तरी आहोत. पुण्याची थंडी ओसरली असेल, तुमचा दमा उतरला असेल, आणि मूर्तीखाली ओतार्‍याने घातलेले साल कोणत्या गणतीचे धरावे याबद्दलचा तुमचा हट्टही थोडा उतरला असेल, अशी आशा आहे. (उतरला नसला तरी चालेल. या खेपेस मुळीच राग नाही.)

गेल्या सोमवारी माजिवड्याचा सिल्वेस्टर, ज्याच्या भावाला मी मोडी शिकवली तो, वालाच्या शेंगांच्या टोपलीत एक काशाचा पुतळा दडवून आगगाडीने आला. विहिरीचा गाळ उपसताना सापडलेला. हातभर उंच, मांडी घालून बसलेला, हिरवाकच्च. पोर्तुगिजांच्या वेळचा संत ठरला तर गावच्या क्रुसापाशी बसवावा, असा त्याचा बेत. ओतार्‍यांचे ठसे मी वाचतो ही कीर्ती माजिवड्यापर्यंत पोचली आहे (ती मीच पोचवली, असे तुमची बहीण म्हणते). टोपली ठेवून तो उंबर्‍याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, संत हाय का तुमचा देव, ते तुमी ठरवा. पन मना परत देव नका. घरान ठेवला तवापासून माजी म्हैस त्या भिंतीकडं तोंड करीत नाय." शेंगासुद्धा न घेता गेला. शेंगा चांगल्या होत्या.

पुतळा पालथा घातला तर बुडाशी तीन गोष्टी. शेपूट वर केलेला मासा, त्याखाली अंगठ्याएवढा खळगा, आणि त्याखाली बाळबोध आकड्यांत १८०५. म्हणजे संत गेला. मासा हा आपल्या इथल्या महिपत ओतार्‍याच्या घराण्याचा ठसा. मग चिंच-मीठ लावून मी तोंड घासायला बसलो, आणि दादा, तिथे माझे चित्त थार्‍यावरून सुटले. पहिल्या दिवशी नुसता एक पगडीवाला गृहस्थ दिसला. दुसर्‍या दिवशी डाव्या भुवईतला देवीचा वण निघाला. तिसर्‍या दिवशी कानाखालचा चामखीळ. चौथ्या दिवशी मी घासणे थांबवले, कारण आरशात पाहून दाढी करतो की पुतळ्यात, हे कळेनासे झाले.

महिपतला बोलावले. सत्तरीचा माणूस, डोळे अजून ठणठणीत. त्याने पुतळ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि अगदी व्यवहाराच्या आवाजात विचारले, "मास्तर, कोणाकडून केलात?" मी म्हटले, मासा तुमचा आहे. त्याने बूड चाचपले आणि मग सांगितले की त्यांच्या घराण्याची रीत अशी, की गेलेल्या माणसाचा पुतळा करायचा तर प्रेत उचलण्याआधी त्याचा उजवा अंगठा मेणावर टेकवून तो खळगा पुतळ्याच्या बुडाशी उतरवतात, आणि खाली तो गेला ते साल. जिवंत माणसाचे तोंड ते ओतत नाहीत. तुम्ही केलात का, असे मी विचारले. "नाही," म्हणाला, आणि पायरी उतरता उतरता म्हणाला, "अजून नाही." तो गेल्यावर मी दार लावून माझा अंगठा खळग्यात टेकवला. हूं की चूं न करता आत बसला, आणि धातू थंड नव्हता.

आता आकड्याचे. संवत धरला तर पुतळा एकशेपस्तीस वर्षांचा, इंग्रजी सन धरला तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आणि दोन्ही बाबतींत तो मी नव्हे. पण संवत गुजराथ्याचा, सन साहेबाचा, आणि कोकणातला ओतारी शकच घालतो, हे गेली आठ वर्षे कोण ओरडून सांगत आहे? मीच. शके १८०५ पाडव्याला लागते. पाडव्याला दहा दिवस आहेत. दादा, मला फार भीती वाटते, हे तुम्हांला लिहिताना लाज वाटते तरी लिहितो.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद, आणि ते त्यांनी जपून ठेवावेत.

आपला,
श्रीपाद

ता. क. : आठ वर्षांपूर्वी नाशकास तुम्ही म्हणाला होतात की कोकणातही संवत घालणारे ओतारी होते, आणि मी पंगतीत सर्वांसमोर तुम्हांला अडाणी म्हटले होते. ते कृपा करून पुन्हा एकदा कागदावर, खाली सही करून, पाडव्याआधी पोचेल असे लिहून पाठवा. पुरावा नसला तरी चालेल. मी हरलो. पंगतीतल्या सगळ्यांना पत्रे घालून तसे कळवतो.

ता. क. दुसरा : उत्तरात "मी तेव्हाच म्हटले होते" हे वाक्य वाटेल तितक्यांदा घाला.

दादा, हे खालचे कलावतीचे. पत्र टपालात घालायला माझ्याकडे दिले म्हणून वाचले. यांनीच शिकवले, त्याला मी काय करू. काळजी करू नकोस. खळगा झिजून पसरट झालेला आहे, त्यात माझा अंगठा बसतो, भांडीवाल्या गंगुबाईचा बसतो, शेजारच्या रंगूबाईचासुद्धा बसला. तोंड मात्र यांचेच आहे, ते मी यांच्यापाशी कबूल केलेले नाही. तू संवताचे लिहून पाठवच, पण जमले तर स्वतः ये. पाच दिवस झाले, यांनी माझ्या आमटीला नाव ठेवलेले नाही. काल मीठच घातले नव्हते. दोनदा मागून घेतली आणि छान झाली म्हणाले.