अहमदपूर तालुक्यातली पहिली हातपंपवाली

मी, पंचशीला ज्ञानोबा सरवदे, वय सदुसष्ट, पूर्वीचा धंदा हातपंप दुरुस्ती, राहणार मौजे वाकडी, ता. अहमदपूर, जि. लातूर, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण तिचा बुद्धीशी संबंध नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. उलट मुलगी प्रज्ञा म्हणते, आई, आत्ताच कशाला.

एक. वाकडीचं दोन खोल्यांचं घर, मागच्या मोकळ्या जागेसह, प्रज्ञाला. बँकेत जे असेल तेही तिलाच. घर विकायचं असल्यास विकावं, मला वाईट वाटणार नाही.

दोन. माझे पती कै. ज्ञानोबा यांची सायकल प्रज्ञाच्या मुलीला. हत्यारांची पिशवी हँडलला अडकवून आणि मला मागे बसवून त्यांनी ही सायकल चाळीस गावं फिरवली. लोक त्यांना हसत, तेव्हा ते घंटी वाजवत.

तीन. गावातले कै. चन्नबसप्पा यांच्याविषयी. शहाऐंशीच्या दुष्काळात त्यांच्या गल्लीतला पंप बंद पडला, तेव्हा ते आडवे उभे राहून म्हणाले, "तुझा हात लागलेलं पाणी आमच्यात कोण पिणार?" मी हत्यारं खाली ठेवून लिंबाखाली बसले. दुपारपर्यंत त्यांच्याच घरच्या बाया येऊन मला उठवून घेऊन गेल्या. पाणी आलं आणि सगळ्यांनी प्यायलं, त्यांनीही. माफी न मागता ते गेले. ही तक्रार मी मागे घेत नाही, पण वारसांनाही देत नाही. ती माझ्याबरोबर संपेल.

चार. भिंतीवरची ढाल आणि प्रमाणपत्र. त्यावर मला तालुक्यातली पहिली महिला हातपंप मेकॅनिक म्हटलं आहे. ते खरं नाही. हे मृत्युपत्र मुख्यतः याच कलमासाठी लिहिते आहे.

लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती. अहमदपूरला बायकांसाठी पंपाचं प्रशिक्षण निघालं. पहिल्या दिवशी सातजणी होत्या, आठवड्यात दोघी उरलो, मी आणि केवळाबाई. ती शेजारच्या गावची, मजुरी करणारी, शाळेत कधी न गेलेली. सरावाचा पंप एके दिवशी पाणी देईना. शिकवणारे साहेब म्हणाले, आतली सळई तुटली. केवळाबाईनं दांडा दोनदा हलवला आणि म्हणाली, "सळई तुटली असती तर दांडा हलका लागला असता, साहेब. ह्यो जड हाय. वॉशर गेलाय." पाइप वर काढले. चामड्याचा वॉशर फाटलेलाच होता. तिनं नवा बसवला आणि पाणी आलं. तालुक्यात बाईनं दुरुस्त केलेला पहिला पंप तो.

दोन दिवसांनी तिची सासू वारली आणि ती गावी गेली. शेवटच्या दिवशी कार्यक्रम झाला. जिल्हा नवा होता, त्याला सगळं पहिलंवहिलं हवं होतं. पाहुण्यांनी विचारलं, पहिली कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी नाही म्हणाले नाही. पेपरात फोटो आला. त्यानंतर चाळीस वर्षं मी भाषणांत पहिली म्हणून उभी राहिले आणि दर वेळी मनात विचार यायचा, पहिली म्हणजे नक्की कोण? जिनं केलं ती, का जिचं लिहिलं गेलं ती?

गेल्या महिन्यात हे विचारायला एसटीनं मुखेडला गेले. केवळाबाई तिथं लेकीकडे असते. अंगणात तूर निवडत होती.

"ओळखलं का?"

"तुला न्हाई ओळखणार? बस."

मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"राग आला नव्हता का?" मी विचारलं.

"आला की. लई आला. तुझा फोटो चुलीत घातला म्या." पुढं म्हणाली, "दुष्काळात आमच्या गावचा पंप काढायला तू आली होतीस. मी लाइनीत हुते, घागर घेऊन. तू बघितलं न्हाईस."

"मग हाक का नाही मारलीस?"

"पाणी यायलं हुतं. मधी कशाला बोलायचं."

निवडलेली तूर बाजूला सारून तीच म्हणाली, "आता वॉशर कशाचा असतो गं? चामड्याचाच?"

"रबराचा."

"टिकतो का?"

"जास्त टिकतो."

"बघाया पायजे."

म्हणून लिहिते की ढाल, प्रमाणपत्र, मोठा पाइप-पाना आणि एक नवा रबरी वॉशर केवळाबाईला मिळावा. पाना आणि वॉशरसाठी माझ्या मरणाची वाट बघू नये, ते प्रज्ञानं येत्या बाजारी पोचवावेत. माझ्या शोकसभेत 'पहिली' हा शब्द कोणी वापरू नये. 'हातपंप दुरुस्त करत असे' एवढं पुरे.

हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. खालील दोघांच्या समोर, समजून उमजून सही केली.

सही: पंचशीला ज्ञानोबा सरवदे
साक्षीदार: १) विरूपाक्ष, निवृत्त पोस्टमास्तर, वाकडी
२) उमादेवी, अंगणवाडी सेविका, वाकडी
स्थळ: अहमदपूर. दिनांक: १४ मार्च २०२४

पुरवणी, दि. २१ मार्च, त्याच साक्षीदारांसमोर: वरील मजकूर केवळाबाईला वाचून दाखवला. तिनं एक दुरुस्ती सांगितली, ती तिच्याच शब्दांत जोडते. "वॉशर म्या बसवला, खरं हाय. पन तवर सगळे पाइप हिनं धरून ठेवले होते. सुटले असते तर माझी बोटं गेली असती. ते बी लिवा."