शेवयांच्या खाटेवर निवडलेलं घर

बाबा, मी सध्या एका बेटावर घर शोधते आहे. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, "बेट म्हंजे चहूकडून पानीच ना? मंग नळ केव्हा येते?" आणि तो प्रश्न अगदी बरोबर ठरला असता. माझी बदली पोर्ट ब्लेअरला झाली आहे, निवृत्तीआधीची शेवटची. इथे चारी बाजूंना समुद्र आहे, पाऊस महिनोन्महिने हटत नाही आणि नळ एक दिवसाआड येतो. दलाल रोज एक मोहल्ला दाखवतो, खिडकी उघडतो आणि अभिमानानं म्हणतो, "मॅडम, सी व्ह्यू." आज सकाळी कोणता मोहल्ला बरा हे ठरवायला मी कागद घेतला, पण वर "बाबा" असं लिहून झालं, तर आता तुम्हालाच लिहिते.

तुमची अंजनगावची कापसाची जिनिंग मिल बंद पडली त्या उन्हाळ्यात माझी दहावी झाली होती. तुम्ही गाडीतला मूठभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढायचात आणि त्याची प्रत सांगायचात. शेतकरी आणि व्यापारी दोघंही तुमच्यावर सारखेच चिडायचे, म्हणून तुमचा निवाडा खरा मानला जायचा. पण त्या वर्षांत शेतीचंच असं झालं होतं की आई मला पेपर वाचू द्यायची नाही. गाड्या कमी होत गेल्या आणि एक दिवस मालकानं फाटकाला कुलूप लावलं. तुम्हाला अकोल्याच्या डाळमिलमध्ये काम मिळालं. आई म्हणाली, "राहीन तं अमरावतीत. माहा भाऊ तिथं हाय. तुमी रोज बसनं जा अकोल्याले." येणं-जाणं मिळून पाच तास. तुम्ही वाद घातला नाहीत. "पाह्याले काय जाते?" म्हणालात आणि मला सोबत घेतलंत. पोट्टीची नजर ताजी असते, हे कारण.

अमरावतीला मामानं एक कॉलनी सुचवली होती. स्वच्छ रस्ते, रंगवलेली फाटकं आणि प्रत्येक फाटकावर "कुत्र्यापासून सावधान". तुम्ही अख्खी गल्ली दोनदा फिरलात आणि शेवटी एका घराची बेल दाबलीत. जाड चष्म्याचे एक गृहस्थ बाहेर आले.

"कुत्रा दाखवता काय?" तुम्ही विचारलंत.

"कशाला?"

"पाटी वाचली, म्हनून."

"कुत्रा नाही आमच्याकडे. नुसती पाटी आहे."

"मंग सावध कोनापासून राहाचं?"

त्यांनी फाटक लावून घेतलं. मी लाजेनं मेले होते. तुम्ही मात्र परतीच्या बसमध्ये गंभीरपणे म्हणालात, "ज्या गल्लीत कुत्रंबी खोटं, तिथं नाई राह्यचं." मामा आईला म्हणाला, भाऊजींचं डोकं उन्हानं फिरलं.

दुसऱ्या दिवशी आपण अकोल्याला गेलो. डाळमिलच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, वर पत्रा, शेजाऱ्यांशी एक भिंत सामाईक. घरमालक किल्ली घेऊन येणार होता तो आलाच नाही. अकोल्याचं ऊन डोक्यावर होतं. शेजारच्या अंगणात लिंबाच्या सावलीत पांढरी चादर घातलेली खाट दिसली आणि तुम्ही "हुश्श" करून बसलात. कुर्रर्र असा आवाज झाला. चादरीखाली शेवया वाळत होत्या. ऊन सरकून त्यांच्यावर सावली आली होती एवढंच.

आतून एक बाई धावत आल्या. "अरे भाऊ! आँखां हैं के बटन? सबेरे से बना रही मैं!"

तुम्ही उठलात. पँटला मागून शेवया चिकटलेल्या. "चुकलो बाई. भरून देतो, किती झालं सांगा."

"पैसे का क्या करूँ, अचार डालूँ? मशीन फिराओ!"

आणि कापसाची प्रत ठरवणारे माझे बाबा तासभर शेवयांचं मशीन फिरवत बसले. मी काठीवर शेवया झेलत होते. त्या बाई, ज्यांना मी पुढे आयुष्यभर खाला म्हणणार होते, कणकेचे गोळे सारत बोलत राहिल्या. नळ चौथ्या दिवशी येतो. कोपऱ्यावरचा दूधवाला पाणी घालतो, पण स्वच्छ घालतो. शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "ये घर मत लो भाऊ. छत पाँच जगा टपकता. मालक बताएगा नै."

तुमचा हात थांबला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "आयकलं? पैल्याच दिवशी खरं बोलली बाई. छत दुरुस्त होते, शेजार दुरुस्त नाई होत. बोल पोरी, घ्याचं?"

मी म्हणाले, "घ्या."

पहिल्याच पावसात खालाचा हिशेब चुकला. छत सात ठिकाणी गळलं. आई अकरा दिवस तुमच्याशी बोलली नाही. एकाच खोलीत बसून ती मला म्हणायची, "तुह्या बापाले सांग, भात झाला." मग रविवारी तुम्ही डांबराचा डबा आणि गोणपाट घेऊन पत्र्यावर चढलात. डबा कलंडला आणि खाली बांधलेल्या खालाच्या पांढऱ्या शेळीच्या पाठीवर काळे पट्टे उमटले. खाला ओरडत बाहेर आल्या, शेळी ओरडत होतीच, तुम्ही वरून "चुकलो बाई" म्हणत होतात. आई दारात आली. तिनं शेळी पाहिली, तोंडाला पदर लावला आणि हसत हसत उंबऱ्यावरच बसली. बाराव्या दिवशीचं पहिलं वाक्य होतं, "छत सोडून सगळ्याले डांबर लावलं तुमी!"

तुम्ही गेलात तेव्हा मामा आईला अमरावतीला न्यायला आला. तिनं पिशवी भरली, खालाकडे पाहिलं, पुन्हा खाली ठेवली. म्हणाली, "उद्या नळ हाय. पानी भरून घेतो, मंग पाहू." ते मंग अजून आलेलं नाही, बाबा. ती अजून तिथेच आहे. दोघी म्हाताऱ्या सकाळी नळावर भांडतात आणि दुपारी एकमेकींच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकतात.

हा कागद दोन दिवस अर्धाच पडून होता. काल मीही ठरवून टाकलं. तिसऱ्या मोहल्ल्यातलं उतारावरचं लाकडी घर. पायरीवर मासे साफ करणाऱ्या बंगाली बाईनं दलालासमोरच सांगितलं की जमिनीच्या फळ्यांना वाळवी आहे. दलालाचा चेहरा उतरला. मी "घेते" म्हणाले. फोनवर आई म्हणाली, "बाप तशी लेक."

तेव्हापासून एक गोष्ट टोचते आहे. "पोट्टीची नजर पाहा, तिनंच हो म्हटलं," असं तुम्ही डाळमिलमध्ये, लग्नांत, अगदी दवाखान्यातसुद्धा कौतुकानं सांगायचात. खरं सांगू? माझी नजर शेजारावर नव्हती की छतावर नव्हती. त्या दुपारी माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही मला अजून दोन घरं दाखवायला तापल्या डांबरावरून चालवलं असतंत. म्हणून मी घ्या म्हणाले. हा कागद मी इथेच ठेवते आहे. अकोल्याला नेला आणि आईच्या हाती लागला, तर तिचा माझ्याशी अबोला अकरा दिवसांवर थांबणार नाही.