वेलांटीची दुरुस्ती

॥ श्री ॥
कोल्हापूर, ता. ५ जुलै १९८२

ती. सौ. माईस,
सा. न. वि. वि.

इथल्या छापखान्यांनी पाणिनीला सुळी द्यायचं ठरवलेलं दिसतं. आपल्या चुलतभावाने, नृसिंहाने, 'पतिसंरक्षक सभा' काढली आहे. घटस्फोटात पोळलेल्या आणि वकिलाची फी न परवडणाऱ्या नवऱ्यांसाठी निधी जमवायचा. तिच्या पत्रकाचं प्रूफ गेल्या महिन्यात माझ्याकडे आलं, तर 'व्यभिचारिणी' या एकाच शब्दात दोन चुका. 'भी' दीर्घ, 'णि' ऱ्हस्व. वीस वर्षं संस्कृत शिकवून हे पाहणं नशिबी आलं. दोन्ही वेलांट्या फिरवून दिल्या.

शब्द कुणाविषयी, ते तू विचारणारच. हकीकत माझीच आहे. पहिला मसुदा मी खराखुरा लिहिला होता : पद्मजा आणि मी संमतीने वेगळे झालो, नंदिनी मला महिन्याच्या पहिल्या रविवारी तेवढी भेटते, आणि बापांना मुलं भेटावीत म्हणून मदत करा. नृसिंह तो घेऊन गुळाच्या अडतीवर देणगी मागायला गेला. बाळासो अडत्यांनी सांगितलं, की पावणं, बायकू राजीखुशीनं गेली ह्याला कोण पैसं देत न्हाय, तिनं काय केलं ते लिवा की. नृसिंहाने लिहिलं. आठवड्यात अकराशे रुपये. पत्रकात नाव माझं आहे, पद्मजेचं नाही. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही.

काल नंदिनी आली नाही. पावसाने एसटी बंद असेल. भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
यज्ञेश्वर


गारगोटी, ता. १२ जुलै १९८२

चि. यज्ञेश्वर यास,
अ. उ. आ.

एसटी चालू आहे.

बाजाराच्या दिवशी नृसिंह इथे येऊन पत्रकं वाटून गेला. शाळेच्या फाटकावरही वाटली. पद्मजा तिथे शिकवते, हे म्हणे तो विसरला. आता रोज तिच्या तासाआधी मुलं तो शब्द फळ्यावर लिहून ठेवतात. शुद्ध लिहितात हो, तुझी कृपा. शाळेतली शिपाईण बायडाबाई मला म्हणाली, की बाई सवता फळा पुसत्यात आन् शिकवाय लागत्यात. पद्मजेने चंदगडला बदली मागून घेतली आहे. एक तारखेला दोघी जातील.

काल नंदिनी माझ्याकडे आली होती. रडली नाही. सतरा वर्षांची पोर, तिने एवढंच विचारलं, की आत्या, आई तशी असेल तर मग मी कुणाची? उत्तर मी देऊन चालणार नाही. ते तुझ्या अक्षरात यायला हवं. सभेत उभा राहून ते खोटं होतं म्हण, आणि पोरीला दोन ओळी लिही. ती जायच्या आत लिही.

माया आहे म्हणून लिहिते. ती गृहीत धरू नकोस.

तुझी,
माई


॥ श्री ॥
कोल्हापूर, ता. २८ जुलै १९८२

ती. सौ. माईस,
सा. न. वि. वि.

गारगोटीची मुलं शुद्ध लिहितात हे वाचून संतोष वाटला; आमच्या वर्गात तेवढंही होत नाही. नृसिंहाला भेटलो. तो म्हणतो, खोटं होतं असं छापलं तर बाळासो पैसे परत मागतील, आणि त्याच पैशांवर सहा नवऱ्यांच्या कोर्टाच्या तारखा चालू आहेत. हातकणंगल्याच्या एकाला दोन वर्षांनी मुलगा भेटला, तो बाप माझ्या पायाच पडला. त्याला काय सांगू?

नंदिनीला लिहीन, सवड झाली की. आशीर्वाद असू द्यावा.

तुझा,
यज्ञेश्वर

ता. क. सवडीचं खोटं आहे. तुझं पत्र आलं त्याच दिवशी लिहायला बसलो होतो. 'तू माझीच' एवढंच लिहायचं होतं. ते सोडून उठलो, कपाटातून तिचा फोटो काढला आणि आरशाजवळ नेऊन धरला. कपाळ कुणाचं, हनुवटी कुणाची, बघत राहिलो. पद्मजेने तसलं काही केलं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, पत्रक छापून येईपर्यंत. आता रोज तो फोटो बाहेर काढतो. माई, ती कधी दारात आलीच, तर मी आधी तिचा चेहरा तपासीन, आणि ते तिला कळेल.